मास्तर किती शिकलेत?

गेल्या वर्षी जुलै महिन्यात मुलीच्या शाळेत पालकसभा होती. वाशिम जिल्ह्यातलीच शाळा; नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. मुलगी सातवीत. दीड वर्षात गणिताला तिसरे सर आले होते. सभेच्या शेवटी ‘कुणाला काही विचारायचं आहे का’ असं म्हणाले, तेव्हा मी उभा राहिलो आणि विचारलं, ‘नवीन आलेले गणिताचे सर काय शिकलेत? त्यांचं बी.एड. झालंय का? विषय कोणता होता?’

सभेत एकदम शांतता पसरली. मुख्याध्यापकांनी संस्थेच्या सचिवांकडे पाहिलं. सचिव म्हणाले, ‘ते बघायला संस्था आहे, शिक्षणाधिकारी आहेत. तुम्हाला काय करायचंय? तुम्ही मुलीचा अभ्यास बघा.’ मागच्या बाकावर आमच्या मोहल्ल्यातले एक रिक्षावाले भाई बसले होते. त्यांनी माझा शर्ट खाली ओढला आणि हळूच म्हणाले, ‘बैठ जाओ भाई, बच्ची को तकलीफ होगी.’

मी बसलो. सचिवांचं उत्तर मी विसरलो असतो, पण भाईंचं वाक्य विसरता आलं नाही. त्यांना प्रश्न चुकीचा वाटला नव्हता, धोक्याचा वाटला होता. ज्याच्या हवाली आपण लेकरू रोज सहा तास करतो, तो किती शिकलाय हे विचारणं धोक्याचं कधीपासून झालं? या एका प्रश्नामागे मी वर्षभर लागलो. त्यातून हाती लागलेला इतिहास इथे मांडतो आहे.

ताम्रपटावरची पात्रता

सुरुवात आमच्या गावापासूनच करू. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेच्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली वाशिमला उजेडात आला. राजाच्या ३७ व्या राज्यवर्षातलं हे दानपत्र आहे. त्यात एक गाव काही ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि पुढचा व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे, म्हणून अभ्यासकांना त्याचं अप्रूप. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. दान घेणाऱ्यांची नुसती नावं देऊन लेख थांबत नाही. त्यांची गोत्रं सांगतो, आणि ते अथर्ववेदाच्या शाखेचे आहेत हेही सांगतो.

म्हणजे गावाचा महसूल ज्यांना मिळणार, ते कोण आणि कोणत्या विद्येचे, हे तांब्यावर कोरून ठेवलं गेलं. याला पालकांचा हक्क म्हणणं हास्यास्पद ठरेल. त्या विद्येच्या दारात बहुजनांना प्रवेश नव्हता आणि ज्या गावाचं दान झालं, त्या गावाला कुणी विचारलंही नव्हतं. तरी एक गोष्ट खरी की, सार्वजनिक पैसा विद्येच्या नावाने द्यायचा तर कोणती विद्या हे लिहून ठेवावं लागतं, एवढं भान वाशिमच्या राजाला दीड हजार वर्षांपूर्वी होतं. आमच्या शाळेच्या सूचना फलकावर आज तेवढंही लिहिलेलं नाही.

सनद आणि इजाजत

इस्लामी परंपरेत हा प्रश्न आणखी ठळकपणे विचारला गेला. हदीस सांगणारा माणूस कोण, त्याने ती कुणाकडून ऐकली, त्याचा उस्ताद कोण, त्या उस्तादाची स्मरणशक्ती कशी होती, तो खरं बोलणारा होता का, हे तपासण्याचं एक आख्खं शास्त्र उभं राहिलं. त्याला इल्मे रिजाल म्हणतात. हजारो माणसांची चरित्रं केवळ यासाठी लिहिली गेली की, त्यांच्याकडून ज्ञान घ्यावं की नाही हे पुढच्या पिढीला ठरवता यावं. बसऱ्याचे इब्न सीरीन इ.स. ७२९ मध्ये वारले. ज्ञान कुणाकडून घेता आहात हे नीट पाहून घ्या, असा त्यांचा सल्ला मदरशांमध्ये आजही सांगितला जातो.

मदरशात विद्यार्थ्याला मिळायची ती ‘इजाजत’. आजच्या पदवीवर विद्यापीठाचं नाव मोठं असतं, शिकवणाऱ्याचं नावच नसतं. इजाजतीत उलट होतं. ती संस्था देत नसे, उस्ताद देत असे. कुणी शिकवलं, कोणती किताब शिकवली, त्या उस्तादाला कुणी शिकवलं, अशी साखळी तिच्यात असे. नवा मौलवी गावात आला की त्याची सनद विचारणं हा अपमान नव्हता, शिरस्ता होता.

हे मुद्दाम लिहितो, कारण त्या सभेनंतर मला आमच्यातलेच एक बुजुर्ग म्हणाले, ‘उस्तादावर शक घेणं आपल्या तहजीबमध्ये बसत नाही.’ आदर करावा हे बसतं, यात वाद नाही. पण विचारूनच आदर करावा, हेही याच तहजीबमध्ये बसतं. आपण पहिली अर्धी गोष्ट लक्षात ठेवली आणि दुसरी सोयीस्कर विसरलो.

नॉर्मल पास

इंग्रजी अमदानीपूर्वी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या, मशिदीत मकतब होते. पंतोजीला पैसे, धान्य, सणावाराचा शिधा पालकच देत. त्याच्याकडे प्रमाणपत्र नसे, पण तो कसा शिकवतो हे गावाला माहीत असे. नाही पटला तर पोरगं दुसरीकडे जाई. ही व्यवस्था न्यायाची होती असं नाही. पैसेवाल्याच्या आणि वरच्या जातीच्याच पोराला ती खुली होती. मात्र जो पैसे देत होता, तो शिक्षकाला ओळखत होता.

पुढे पैसा सरकारचा झाला आणि ओळखसुद्धा सरकारकडे गेली. मुंबई इलाख्यात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या देखरेखीखाली तयार झालेले २४ शिक्षक १८२६ साली जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवले गेले. प्रशिक्षण देऊन शिक्षक नेमण्याची आपल्याकडची ही सुरुवातीची पायरी. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलवर भर दिला. खासगी शाळांना अनुदान द्यायचं आणि तपासणी करायची, ही पद्धतही तिथूनच आली.

आमचा वऱ्हाड तेव्हा निजामाचा, पण १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेलेला. वाशिम हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला गेला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. शिक्षक तयार करणारं नॉर्मल स्कूल अकोल्याला होतं. तिथून शिकून आलेल्या माणसाला गावात ‘नॉर्मल पास मास्तर’ म्हणत.

आमचे दादा असेच नॉर्मल पास. मंगरूळपीरच्या बाजूच्या एका खेड्यात ते आधी जनपद सभेच्या आणि १९६२ नंतर जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. त्यांचं प्रमाणपत्र आजही आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या सातबाऱ्याबरोबर ठेवलेलं आहे. अब्बा सांगायचे, ‘दिपोटी येणार असले की आठ दिवस आधी शाळा सारवली जायची.’ दिपोटी म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर. ते वर्ग तपासत, मास्तरला प्रश्न विचारत आणि शेरेबुकात शेरा लिहून जात. मास्तर चांगला की वाईट, याची लेखी नोंद जगात एकाच ठिकाणी होती आणि ती म्हणजे ते शेरेबुक. ते कपाटात कुलपात असे. ज्यांची पोरं शिकत होती, त्या शेतकऱ्यांपैकी एकानेही ते कधी पाहिलं नाही. त्यांना वाचताही आलं नसतं, असं कुणी म्हणेल. पण शेरेबुक काही त्या कारणाने कुलपात नव्हतं.

१८८२ ची दोन निवेदनं

हंटर आयोग १८८२ साली नेमला गेला. महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्याला दिलेलं निवेदन आपण सगळे ‘प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा’ या मागणीसाठी लक्षात ठेवतो. पण त्याचा मोठा भाग शिक्षकांविषयी आहे. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, शेतकऱ्यांच्या मुलांशी ते मिसळत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले हवेत, ज्यांना नांगर किंवा वाकस हातात धरायची लाज वाटणार नाही, असं त्यांनी मांडलं. त्यापुढे त्यांनी पगाराचा आकडाही सांगितला. प्रशिक्षित शिक्षकाला किमान १२ रुपये आणि मोठ्या गावात १५ ते २० रुपये मिळावेत.

शिक्षक कोण आहे, कुठून आला, काय शिकला आणि त्याला काय मिळतं, हे चारही प्रश्न फुल्यांनी एकत्र विचारले. ते तोडता येत नाहीत. नुसती पदवी विचारणारा पालक अर्धाच प्रश्न विचारतो. ज्या शाळेत सावित्रीबाई शिकवत होत्या, तिथल्या पालकांना त्यांचं प्रशिक्षण माहीत असेल-नसेल, पण त्या कोण आहेत आणि कुणाच्या बाजूने उभ्या आहेत हे पक्कं माहीत होतं. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात जिच्यावर कामाचा भार पडत असेल म्हणून काळजी केली, त्या फातिमाबद्दलही तेच म्हणता येईल.

त्याच आयोगाने मुस्लिमांच्या शिक्षणावर वेगळा विचार केला. त्याच्या शिफारशींमध्ये, गरज असेल तिथे मुस्लिम शिक्षकांसाठी नॉर्मल स्कूल किंवा वर्ग काढावेत आणि तपासणी अधिकाऱ्यांमध्ये मुस्लिम अधिक घ्यावेत, अशा दोन सूचना होत्या. म्हणजे १८८२ मध्येही प्रश्न ‘मुस्लिमांच्या शाळा’ एवढाच नव्हता. त्या शाळांमध्ये शिकवणारा तयार केलेला आहे का, हा होता. दीडशे वर्षं होत आली. आजही उर्दू शाळांत राखीव पदांवर उर्दू जाणणारा उमेदवार मिळत नाही म्हणून जागा रिकाम्या राहतात आणि एक शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो. तिथे ‘किती शिकलेत’च्या आधी ‘आहेत का’ हा प्रश्न येतो.

कायदा आला, पालक बाहेरच

१ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम २३ ने शिक्षकाची किमान पात्रता देशभर एक केली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी ती जाहीर केली. पहिली ते पाचवीसाठी बारावी आणि दोन वर्षांची पदविका, सहावी ते आठवीसाठी पदवी आणि पदविका किंवा बी.एड., आणि दोन्हींसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. महाराष्ट्रात १३ फेब्रुवारी २०१३ ला तसा शासन निर्णय निघाला आणि १५ डिसेंबर २०१३ ला पहिली टीईटी झाली. १५० गुणांपैकी ९० मिळवायचे, राखीव प्रवर्गासाठी ५५ टक्के. बहुतेक वर्षी उत्तीर्णांचं प्रमाण एक अंकीच राहिलं आहे.

पालकांना या कायद्याने काय दिलं? कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला. विनाअनुदानित खासगी शाळांना ती लागू नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अल्पसंख्याक आणि अनुदानित शाळांमध्ये ती फक्त सल्ला देऊ शकते.

आता एक गोष्ट सांगतो, जी शोधताना मी स्वतःच चकित झालो. या कायद्याचे केंद्राचे नियम २०१० साली निघाले. मान्यता हवी असलेल्या खासगी शाळेने ‘नमुना १’ मध्ये स्वयंघोषणा द्यायची आहे. तिच्यात प्रत्येक शिक्षकाचं नाव, शैक्षणिक पात्रता, व्यावसायिक पात्रता, अनुभव, कोणता वर्ग, नेमणुकीची तारीख आणि प्रशिक्षित की अप्रशिक्षित, हे सगळे रकाने आहेत. ही घोषणा मिळाल्यापासून १५ दिवसांत शिक्षणाधिकाऱ्याने ती लोकांसाठी खुली करायची, असंही त्या नियमांत लिहिलं आहे. म्हणजे माझा प्रश्न सरकारने माझ्याआधीच विचारून ठेवला होता, रकाने आखून ठेवले होते, मुदतही घातली होती. फक्त तो प्रश्न विचारला गेलाय, हे मला कुणी सांगितलं नाही. मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यातल्या एकाही पालकाने हा नमुना पाहिलेला नव्हता.

सीबीएसईच्या शाळांना शिक्षकांची संख्या व पात्रतेची माहिती आपल्या संकेतस्थळावर टाकावी लागते. म्हणजे शहरातल्या महागड्या शाळेच्या पालकाला जे मोबाईलवर दिसू शकतं, ते राज्य मंडळाच्या शाळेतल्या रिक्षावाल्याला भर सभेत उभं राहून विचारावं लागतं.

राहिला माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्याचं कलम ४ सांगतं की, सार्वजनिक संस्थांनी कर्मचाऱ्यांची यादी आणि वेतन आपणहून जाहीर करावं. पण ३ ऑक्टोबर २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याच्या सेवेतल्या बऱ्याच नोंदी ‘वैयक्तिक माहिती’ ठरवल्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर वैयक्तिक माहितीचं कलम आणखी आवळलं. अर्ज केला की ‘८(१)(जे)’ असं एका ओळीचं उत्तर येतं. शिक्षकाचा पत्ता, आजारपण, बँकेचं कर्ज ही त्याची खासगी बाब आहे. ती झाकलीच पाहिजे, विशेषतः शिक्षिकांची. पण ज्या पात्रतेच्या जोरावर तो माझ्या मुलीसमोर उभा आहे, ती खासगी कशी?

अमेरिकेत २००२ साली लागू झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने हे सरळ केलं. गरीब मुलांसाठीचा केंद्राचा ठरावीक निधी घेणाऱ्या शाळांनी दर वर्षी सुरुवातीलाच पालकांना कळवायचं की, तुम्हाला शिक्षकाची पात्रता विचारण्याचा हक्क आहे. शिक्षकाकडे त्या वर्गाचा आणि विषयाचा परवाना आहे का, तो तात्पुरत्या सवलतीवर शिकवतो आहे का, हे विचारता येतं. पात्रता नसलेल्या शिक्षकाने सलग चार आठवडे किंवा जास्त शिकवलं, तर पालकांनी न विचारताही शाळेने कळवायचं. २०१५ च्या नव्या कायद्यातही हे कायम राहिलं. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात तर शिक्षकांची नोंदवही सगळ्यांना खुली आहे. तिथे मुलांचे सगळे प्रश्न सुटले असं नाही. पण सभेत उभ्या राहिलेल्या बापाचा शर्ट कुणी खाली ओढत नाही.

नावं कळली, पण कशी

महाराष्ट्रातल्या पालकांना शिक्षकांच्या पात्रतेची यादी एकदाच पाहायला मिळाली, आणि ती गुन्ह्याची यादी होती.

डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलीस म्हाडाच्या भरतीचा पेपर फुटल्याचा तपास करत होते. धागे ओढता ओढता ते टीईटीपर्यंत पोचले. १९ जानेवारी २०२० रोजी झालेल्या टीईटीत नापास उमेदवारांकडून पैसे घेऊन त्यांचे गुण वाढवल्याचं उघड झालं. राज्य परीक्षा परिषदेचे तत्कालीन प्रमुखच अटक झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने ७,८०० हून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द केली, त्यांना पुढच्या परीक्षांसाठी बंदी घातली आणि नावं संकेतस्थळावर टाकली.

ते दिवस मला आठवतात. मोबाईलवर ती यादी फिरत होती. चहाच्या टपरीवर माणसं आपल्या मुलांच्या शिक्षकांची नावं शोधत होती. आडनाव जुळलं की कुजबुज सुरू. एका गुणी शिक्षिकेचं नाव आणि यादीतलं एक नाव सारखं निघालं. दुसऱ्या तालुक्यातली ती दुसरीच बाई आहे, हे गावाला पटेपर्यंत दोन महिने गेले. तेव्हा मला कळलं की, योग्य माहिती योग्य वेळी खुली नसली की काय होतं. लोक शोधणारच. पात्र शिक्षकांची यादी समोर नसेल तर ते अपात्रांच्या यादीत शोधतील. २०२५ साली नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीवर शिक्षक नेमून पगार काढल्याचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हाही आमच्याकडे हेच झालं. प्रामाणिक शिक्षकाचं पहिलं संरक्षण म्हणजे भिंतीवर लावलेली त्याची पात्रता.

आपल्या शाळांचं काय?

आता आपल्या घरात येऊ. ६ मे २०१४ रोजी प्रमती ट्रस्ट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं की, शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा नसोत, लागू होत नाही. १ सप्टेंबर २०२५ ला आणखी एक निकाल आला. प्रकरणाचं नावच ‘अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांनी प्रमतीच्या निकालाबद्दल शंका घेऊन अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांसमोर ठेवला. इतर शाळांमध्ये निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असलेल्या कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, असाही आदेश दिला.

या दुसऱ्या भागाबद्दल माझं मन खट्टू आहे. माझ्या शेजारी जिल्हा परिषदेच्या शाळेत २२ वर्षं शिकवणाऱ्या एक बाई राहतात. गुणवत्ता यादीतून डी.एड. झाल्या. तीन हजार रुपये महिन्यावर शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढली. नेमणुकीच्या वेळी जी पात्रता मागितली, ती त्यांनी पुरी केली. आता वयाच्या पंचेचाळिशीत त्या रात्री मुलं झोपल्यावर टीईटीची पुस्तकं काढून बसतात. त्यांना अपात्र म्हणणं मला जड जातं. म्हणून पालकाला केवळ ‘टीईटी पास की नापास’ एवढं कळून भागत नाही. नेमणूक कधीची, तेव्हाचा नियम काय, प्रशिक्षण कोणतं, विषय कोणता, हे सगळं कळलं तरच न्याय होतो. पालकाचा हक्क म्हणजे शिक्षकाच्या पाठीवर मारायची छडी नव्हे.

पहिल्या भागाबद्दल मात्र आपल्याच संस्थाचालकांशी बोलायचं आहे. ‘आम्ही अल्पसंख्याक संस्था आहोत, आम्हाला कलम ३० आहे’, हे वाक्य मी अनेकदा ऐकलं. कलम ३० ही आपली मौल्यवान ठेव आहे आणि तिचं रक्षण केलंच पाहिजे. पण तो हक्क आपल्या पसंतीची शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा आहे. शाळा वाईट चालवण्याचा नाही, हे न्यायालयाने १९५८ च्या केरळ शिक्षण विधेयकापासून सांगितलं आहे. १९७४ च्या सेंट झेवियर्स आणि २००२ च्या टी.एम.ए. पै प्रकरणांत, शिक्षकांची किमान पात्रता सरकार ठरवू शकतं, हेही मान्य झालं. त्यातून एक साधी गोष्ट निघते. कलम ३० समाजाला दिलेला हक्क आहे. समाज म्हणजे सचिवांचं कार्यालय नव्हे. समाजात तो मागच्या बाकावरचा रिक्षावाला येतो, त्याची मुलगी येते.

मला भीतीची बाजूही कळते. आजच्या वातावरणात मुस्लिमांच्या शाळेची कागदपत्रं मागणारा प्रत्येक जण लेकरांच्या काळजीने आलेला नसतो. कुणाला बातमी हवी असते, कुणाला कुलूप लावायचं असतं. म्हणूनच संस्था दार लावून घेतात. पण बाहेरच्याच्या भीतीने लावलेलं दार आतल्यांसाठीही बंद होतं, हे आपण पाहतो आहोत. याला इलाज एकच. प्रश्न आधी आतून, पालकांकडून यावा. आणि तो सगळ्या शाळांना सारखा लागू असावा. उर्दू, मराठी, इंग्रजी, जिल्हा परिषद, संस्था, सगळ्यांना. एकट्या मुस्लिम शाळेकडे बोट दाखवणारी पारदर्शकता मला नको आहे, आणि मुस्लिम शाळेला वगळणारीही नको.

सर भेटले

सभेनंतर तीन आठवड्यांनी ते गणिताचे सर मला बसस्थानकाजवळ भेटले. मी नजर चुकवली. तेच जवळ आले. चहा सांगितला. पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढून टेबलावर ठेवली. गणित घेऊन बी.एस्सी., बी.एड., टीईटी उत्तीर्ण. सगळं होतं. माझी मान खाली गेली.

ते म्हणाले, ‘तुम्ही विचारलं त्याचं वाईट वाटलं नाही भाईजान. मला तर उठून सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की, इतकं शिकूनही तुम्ही तासिकेवर का, नेमणूक पत्र कुठंय? ते त्यांच्याकडे नाही.’ चार महिन्यांचं मानधनही थकलेलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी समजत होतो की, शिक्षकाची पात्रता कमी असते म्हणून ती लपवली जाते. इथे पात्रता पुरेपूर होती. लपवायची होती ती नेमणूक. फुल्यांनी १२ रुपयांचा आकडा शिक्षकाच्या प्रशिक्षणाबरोबर का लिहिला, ते त्या चहाच्या टेबलावर कळलं. दीड वर्षात तीन शिक्षक का बदलले, याचं उत्तरही तिथेच होतं.

त्यानंतर मी एक अर्ज लिहिला. मागणी एवढीच की, प्रत्येक वर्ग आणि विषयासमोर शिक्षकाचं नाव, शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता, नेमणुकीची तारीख आणि नेमणुकीचा प्रकार, हे शाळेच्या दर्शनी भागात लावावं. पत्ता नको, फोन नको, जन्मतारीख नको. शिक्षक बदलला तर पालकांना आठ दिवसांत कळवावं. अर्ज घेऊन मी मोहल्ल्यात फिरलो. अकरा घरांनी ‘बघू’ म्हटलं. दोन सह्या मिळाल्या. पहिली मुलीच्या मैत्रिणीच्या आईची. त्यांनी अर्ज दोनदा वाचून घेतला आणि मगच सही केली.

दुसरी त्या रिक्षावाल्या भाईंची. रिक्षा बाजूला लावून, हँडलवर कागद ठेवून त्यांनी सावकाश सही केली आणि विचारलं, ‘इससे सर की तनखा भी निकलेगी क्या?’

मी म्हटलं, ‘निघायला पाहिजे.’

अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. पोच मात्र आहे. दादांच्या नॉर्मलच्या प्रमाणपत्राशेजारी, त्याच पेटीत ठेवली आहे.